आकडे उरले, अर्थ हरवला

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या ग्रामपाहणीची फाइल आज एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती पडली आणि तिच्यात ‘क्षेत्र’ या मथळ्याखाली २.२० असा आकडा त्याला दिसला, तर त्याने त्याचा अर्थ काय लावावा? आकडा हेक्टर-आर या मापातला असेल, तर ती जमीन २ हेक्टर २० आर, म्हणजे जवळजवळ साडेपाच एकर भरते. तो एकर-गुंठ्यांचा असेल, तर ४० गुंठ्यांचा एकर या हिशेबाने ती २ एकर २० गुंठे, म्हणजे बरोबर अडीच एकर होते. आणि पाहणी करणाऱ्याने दशांश एकर लिहिले असतील, तर तीच जमीन सव्वादोन एकरांनाही कमी पडते. सरकारी व्याख्येप्रमाणे १ हेक्टरपर्यंतचा शेतकरी अत्यल्पभूधारक आणि १ ते २ हेक्टरचा अल्पभूधारक. याचा अर्थ असा की पहिल्या वाचनात हा शेतकरी दोन्ही वर्गांच्या बाहेर जातो, दुसऱ्यात तो अल्पभूधारक ठरतो आणि तिसऱ्यात अत्यल्पभूधारक. आकडा एकच, पण त्यातून निघणारी माणसे तीन.

हा गोंधळ टाळण्यासाठी फार मोठ्या विद्वत्तेची गरज नव्हती. ‘क्षेत्र, एकर-गुंठे, बिंदूच्या उजवीकडचे आकडे गुंठ्यांचे’ एवढी एक ओळ त्या फाइलीबरोबर राहिली असती, तर पुरे होते. ती ओळ पाहणी करणाऱ्याच्या डोक्यात होती. कदाचित त्याच्या वहीतही होती. पण वही हरवते, माणूस निवृत्त होतो आणि फाइल तेवढी मागे राहते. संशोधनाच्या क्षेत्रात आज जो अपव्यय चालला आहे, त्याचे मूळ या हरवलेल्या ओळीत आहे. ज्ञान आणि सार्वजनिक पैसा या दोहोंची फिकीर असणाऱ्या प्रत्येकाने म्हणूनच या वरवर तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नाकडे लक्ष देणे अगत्याचे झाले आहे.

माहितीविषयीची माहिती

गोळा केलेल्या सामग्रीबरोबर तिचा परिचय करून देणारी जी नोंद ठेवायची, तिला ‘मेटाडेटा’ म्हणतात. माहितीविषयीची माहिती, असा त्याचा साधा अर्थ. पाहणी कोणी केली, केव्हा केली, कोणत्या गावांत केली, कुटुंबे कशी निवडली, प्रत्येक रकान्याचे नाव काय, त्याचे माप कोणते, त्यातील सांकेतिक अंकांचा अर्थ काय, उत्तर मिळाले नसेल तेथे काय लिहिले आहे आणि ही सामग्री कोणी कोणत्या अटींवर वापरावी, या साऱ्याचा तिच्यात समावेश होतो. ग्रंथालयातील पुस्तकाला तालिकापत्र असते आणि टपालातील पुडक्यावर पत्ता व वजन असते. संशोधनाच्या सामग्रीला मात्र असे काही लागत नाही, अशी आपली समजूत दिसते.

मेटाडेटा असणे आणि तो यंत्राला वाचता येईल अशा रीतीने असणे, यांतही फरक आहे. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातील एखाद्या परिच्छेदात ‘उत्पन्न रुपयांत नोंदवले असून उत्तर न मिळाल्यास ९९९९ लिहिले आहे’ असे वाक्य असेल, तर ते माणसासाठी आहे. आणि तेही त्याने ते प्रकरण वाचले तर. संगणक ते वाक्य वाचायला जात नाही. तो ९९९९ ही रक्कम उत्पन्न म्हणूनच धरतो आणि सरासरी काढून मोकळा होतो. उलट हीच गोष्ट ठरलेल्या साच्यात, ‘रकाना : उत्पन्न, माप : रुपये, अनुपलब्ध : ९९९९’ अशा रीतीने वेगळ्या वर्णनपत्रात लिहून सामग्रीशी बांधून ठेवली, तर संगणक हिशेब सुरू करण्यापूर्वीच ती वाचू शकतो. रुपये आणि हजार रुपये यांची बेरीज होऊ लागली, तर तो अडवूही शकतो.

असे साचे कोणी नव्याने शोधून काढण्याची आवश्यकता नाही. सामाजिक शास्त्रांच्या पाहण्यांसाठी ‘डेटा डॉक्युमेंटेशन इनिशिएटिव्ह’ या नावाचा प्रमाण साचा तयार करण्याचे काम १९९५ मध्ये सुरू झाले. कोणत्याही ग्रंथ-दस्तऐवजाच्या वर्णनासाठी वापरला जाणारा ‘डब्लिन कोअर’ हा साचाही त्याच वर्षीचा. अलीकडच्या काळात सामग्रीची साधी कोष्टके, त्यांच्यावर हिशेब करणाऱ्या आज्ञावली आणि या साऱ्यांचे एक वर्णनपत्र एकाच पेटीत बांधून ठेवण्याच्या सोप्या पद्धतीही रूढ झाल्या आहेत. २०१६ साली शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने संशोधन-सामग्रीसाठी चार कसोट्या मांडल्या : ती सापडण्याजोगी असावी, मिळण्याजोगी असावी, इतर सामग्रीशी जुळण्याजोगी असावी आणि पुन्हा वापरण्याजोगी असावी. या चारही कसोट्यांत यंत्राने केलेल्या वाचनाचा विचार आधी केला आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

चुकीची किंमत

मापाची एक ओळ राहून गेली तर काय बिघडते, असे विचारणाऱ्याला १९९९ सालचे उदाहरण देता येईल. अमेरिकेच्या ‘नासा’ने मंगळाकडे पाठवलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान त्या वर्षीच्या सप्टेंबरात नष्ट झाले. यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेल्या रेट्याचे आकडे एका संगणक-आज्ञावलीने पौंडांच्या मापात लिहिले होते आणि दुसरीने ते न्यूटनच्या मापातले समजून वापरले. दोन मापांत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. आकडे आपल्या जागी बरोबर होते. त्यांच्याबरोबर त्यांचे माप प्रवास करीत नव्हते.

जीवशास्त्रातील उदाहरण अधिक घरगुती आहे. ‘सेप्ट-२’ किंवा ‘मार्च-१’ अशी काही जनुकांची आद्याक्षरी नावे होती. हिशेबाच्या तक्त्यात ती टंकित केली की संगणक त्यांच्या सप्टेंबर आणि मार्च महिन्यांतील तारखा करून टाकी. हा रकाना नावांचा आहे, तारखांचा नव्हे, असे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते. तक्त्यांच्या रूपात जनुकांच्या याद्या जोडणाऱ्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत हा दोष असल्याचे २०१६ मध्ये दाखवून देण्यात आले. अखेर २०२० मध्ये संबंधित समितीने त्या जनुकांची नावेच बदलली. यंत्राला समजावून सांगण्याची सोय नसली म्हणजे शास्त्रालाच आपली भाषा बदलावी लागते, ती अशी.

अर्थशास्त्रालाही आपला वाटा मिळाला आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे मांडले होते की, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के एवढी खाली येते. युरोपात आणि अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लावण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी या निबंधाचा आधार वारंवार घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला तो निष्कर्ष काही केल्या पुन्हा काढता येईना. त्याने लेखकांकडे मूळ तक्ता मागितला आणि तो त्याला मिळाला, तेव्हा पाच देश बेरजेतून चुकून वगळले गेल्याचे दिसून आले. काही वर्षांचे आकडे गाळणे आणि देशांना भार देण्याची पद्धत, या दोन बाबीही हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांना आक्षेपार्ह वाटल्या. २०१३ मध्ये त्यांनी काढलेली सरासरी अधिक २.२ टक्के होती. मूळ लेखकांनी बेरजेची चूक मान्य केली, आपल्या व्यापक निष्कर्षाचा मात्र बचाव केला. तो वाद बाजूला ठेवला, तरी मुद्दा उरतोच. चूक सापडायला तीन वर्षे लागली आणि ती सापडली ती एका विद्यार्थ्याच्या चिकाटीमुळे व लेखकांच्या सौजन्यामुळे. पडताळणी कोणाच्या सौजन्यावर अवलंबून असू नये, हा या प्रकरणाचा धडा आहे.

दारिद्र्याचा वाद आणि प्रश्नाचा कालावधी

भारतीय वाचकाला याहून जवळचा दाखला राष्ट्रीय नमुना पाहणीचा आहे. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये सुरू झालेली ही पाहणी जगातील अशा प्रकारच्या कामांत फार वरच्या दर्जाची मानली गेली. तिच्या आकड्यांवर देशातील दारिद्र्याचे प्रमाण ठरत आले. १९९३-९४ मध्ये हे प्रमाण ३६ टक्के होते आणि १९९९-२००० मध्ये ते २६.१ टक्क्यांवर आले, असे अधिकृतपणे सांगितले गेले. सहा वर्षांत दहा टक्क्यांची घट ही कोणत्याही देशाला अभिमानास्पद गोष्ट होय. पण दोन पाहण्यांत विचारलेला प्रश्नच एक नव्हता. पूर्वी अन्नावरील खर्च गेल्या ३० दिवसांचा विचारीत. १९९९-२००० मध्ये त्याच कुटुंबाला ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा असा दोन्ही खर्च शेजारशेजारच्या रकान्यांत विचारला गेला. उत्तर देणाऱ्याने एका आकड्याचा मेळ दुसऱ्याशी घातला असावा, अशी रास्त शंका निर्माण झाली. आणि कपडे, पादत्राणे, शिक्षण यांसारख्या बाबींसाठीचा कालावधी वर्षभराचा झाला. परिणामी, किती घट खरी आणि किती प्रश्नावलीची, यावर अर्थशास्त्रज्ञांचा वाद कित्येक वर्षे चालला.

हा वाद होऊ शकला, हेही एका अर्थाने त्या पाहणीचे यशच म्हटले पाहिजे. प्रश्नावल्या उपलब्ध होत्या आणि कुटुंबवार आकडे अभ्यासकांना मिळू शकत होते. परंतु प्रश्नाचा कालावधी हा प्रत्येक रकान्याला चिकटलेला गुण असता, तर ३६ आणि २६.१ हे आकडे शेजारी मांडणाऱ्याला पहिल्याच क्षणी इशारा मिळाला असता. २०२२-२३ च्या उपभोग-खर्च पाहणीत एकाच कुटुंबाला तीन भेटी देऊन प्रश्नावली तीन भागांत विचारण्यात आली. म्हणजे २०११-१२ च्या आकड्यांशी तिची थेट तुलना करतानाही तीच सावधगिरी हवी. वृत्तपत्रांतील मथळे मात्र ही सावधगिरी क्वचितच पाळतात.

याच पाहणीच्या फाइली प्रथमच हाताळणाऱ्या विद्यार्थ्याची दुसरी अडचण याहून साधी आहे. प्रत्येक निवडलेले कुटुंब आपल्यासारख्या किती कुटुंबांच्या वतीने बोलते, हे सांगणारा एक गुणक फाइलीत असतो. अनेक फेऱ्यांच्या फाइलींत तो दशांशचिन्हावाचून लिहिलेला असून, त्याला काही नोंदींत १०० ने आणि काही नोंदींत २०० ने भागावे लागते. ही सूचना स्वतंत्र टिपणात असते. टिपण न वाचणाऱ्याच्या हिशेबात देशाची लोकसंख्या अचाट फुगते. ती फुगली म्हणून चूक निदान ध्यानात येते; पण जेथे २०० च्या जागी १०० एवढाच फरक काही ओळींत पडतो, तेथे चूक शांतपणे प्रबंधात जाऊन बसते.

शिरापूर आणि कानझरा

सामग्री नीट जतन केली तर काय साधते, याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये सुमारे ४० एकर असलेली सरासरी धारणा १९१५ पर्यंत सुमारे ७ एकरांवर आल्याचे तीत दाखवले होते. ते गाव आज इमारतींखाली गेले. परंतु कोणत्या नोंदीवरून काय मोजले, हे त्या ग्रंथात लिहून ठेवलेले असल्यामुळे शंभर वर्षांनंतरही ते आकडे उपयोगी पडतात.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. हैदराबादजवळील ‘इक्रिसॅट’ या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७५ मध्ये सहा गावांची सलग पाहणी सुरू केली. त्यांपैकी शिरापूर आणि कळमण ही सोलापूर जिल्ह्यातील, तर कानझरा आणि किनखेडा ही अकोला जिल्ह्यातील. प्रत्येक गावातील ४० कुटुंबे निवडली होती. त्यांत भूमिहीन मजुरांची १०. पाहणी करणारे तरुण गावातच राहत आणि काही आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा त्याच घरी जाऊन पेरणी, मजुरी, उसनवारी, धान्यसाठा यांची विचारपूस करीत. ही सामग्री संस्थेने इतर अभ्यासकांना खुली केली. शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट टाउनसेंड यांनी शिरापूर, कानझरा आणि तेलंगणातील औरेपल्ली या गावांच्या आकड्यांवरून १९९४ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात असा निष्कर्ष मांडला की, एखाद्या घराचे उत्पन्न बुडाले तरी त्याचा उपभोग फारसा बुडत नाही. गावाचा मिळून जो चढउतार होतो, त्याच्याबरोबर तो हलतो. १९९७ मध्ये त्याच नियतकालिकात मार्टिन रॅव्हॅलियन आणि शुभम चौधरी यांनी हरकत घेतली. तिचा रोख उपभोग कसा मोजला, यावर होता. शिरापूरच्या ओसरीवर विचारलेल्या प्रश्नाचा जगभरच्या विद्यापीठांत असा कीस पडू शकला, याचे कारण प्रश्न काय होता आणि उत्तरावरून उपभोग कसा काढला, याची नोंद सामग्रीबरोबर होती.

प्रबंध आहेत, सामग्री कोठे आहे?

आता विद्यापीठांकडे वळावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय रूपात सादर करणे बंधनकारक केले आणि ‘शोधगंगा’ या भांडारात ते सर्वांसाठी खुले झाले. हे काम खरोखर मोलाचे आहे. पण तेथे मिळतो तो प्रबंध, त्यामागची सामग्री नव्हे. तीनशे कुटुंबांची पाहणी करून लिहिलेल्या प्रबंधात टक्केवारीची चाळीस कोष्टके असतात. ती तीनशे कुटुंबे मात्र संशोधकाच्या जुन्या संगणकात राहतात आणि संगणकाबरोबर मोडीत जातात. मराठीत भरलेल्या प्रश्नावल्यांचे हाल तर विचारू नयेत. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या निरनिराळ्या टंकांत लिहिलेली उत्तरे, तो टंक नसलेल्या संगणकावर उघडली की अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो; आणि कोणता टंक वापरला, हे फाइलीवर कोणीच लिहून ठेवलेले नसते.

केंद्र सरकारने २०१२ मध्ये सामग्री सर्वांना खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले, त्यासाठी संकेतस्थळही उघडले. दिशा योग्यच आहे. परंतु फाइल चढवली की कर्तव्य संपले, ही वृत्ती धोरणाने जात नाही. वर्णन नसलेली खुली सामग्री ही नावे नसलेल्या बरण्यांनी भरलेल्या फडताळासारखी आहे. दार उघडे असून उपयोग नाही.

तीन आक्षेप

या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप श्रमांचा. आधीच शिकवणे, परीक्षा आणि कार्यालयीन कागदपत्रे यांनी गांजलेल्या प्राध्यापकाने हे आणखी एक काम कशासाठी करावे? आक्षेप खोटा नाही. वर्णनपत्र लिहिण्याचा खर्च एकाने करायचा आणि त्याचा लाभ पुढच्या दहांनी घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगू शकेल की असे काम केवळ सद्भावनेवर सोडले, तर ते पुरेसे होणार नाही. म्हणून त्याला मोबदला हवा. सामग्रीच्या संचाला पुस्तकासारखा कायमचा क्रमांक देण्याची सोय करणारी ‘डेटासाइट’ ही संघटना २००९ पासून आहे. म्हणजे संचाचाही शोधनिबंधासारखा उल्लेख करता येतो. मग पदोन्नतीच्या गुणपत्रिकेत त्याला जागा का नसावी? निबंधांची संख्या मोजणाऱ्यांना ते ज्यावर उभे आहेत ती सामग्रीही मोजता येईल.

दुसरा आक्षेप मालकीचा. ऊन-पाऊस न म्हणता गावोगाव फिरायचे आपण आणि निबंध लिहायचा दुसऱ्याने, ही भीती स्वाभाविक आहे. त्यासाठी संशोधकाला दोन-तीन वर्षांचा राखीव काळ द्यावा. पण संशोधन सार्वजनिक पैशातून झाले असेल, तर ती राखण कायमची असू शकत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो उत्तर देणाऱ्या माणसाचा आहे. चाळीस घरांच्या पाहणीत गावाचे नाव, जात, जमीन आणि मुलांची संख्या कळली, तर घर ओळखायला गावकऱ्याला क्षणही लागत नाही. सावकाराच्या कर्जाचा आकडा अशा रीतीने उघडा पडणे हा विश्वासघात होय. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, तो उगीच नव्हे. पण याचे उत्तर सामग्री दडपून ठेवणे हे नाही. नावे आणि ओळख पटवणारे तपशील काढावेत, नाजूक भाग अर्ज करणाऱ्या अभ्यासकालाच द्यावा. परंतु ती सामग्री अस्तित्वात आहे, कशाविषयी आहे आणि कोणाकडे मागावी, हे सांगणारे वर्णनपत्र सर्वांना खुले असावे. शिवाय कोणता रकाना नाजूक आहे, याची खूणही वर्णनपत्रातच करता येते. वर्णनच नसेल, तर काय झाकायचे हेही पुढच्याला कळत नाही.

काय करता येईल

यासाठी नवे मंडळ किंवा नवी इमारत नको. विद्यापीठांनी प्रबंधाबरोबर तीन गोष्टी मागाव्यात : कोऱ्या प्रश्नावलीची प्रत, साध्या कोष्टकाच्या रूपातील सामग्री आणि ठरलेल्या साच्यातील वर्णनपत्र. संशोधन-पद्धतीच्या अभ्यासक्रमात नमुना निवडण्याचे सूत्र शिकवतात, तसे वर्णनपत्र लिहिणेही एका आठवड्यात शिकवता येईल. मार्गदर्शकाने सही करण्यापूर्वी एकच परीक्षा घ्यावी. विषयाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला ती पेटी द्यावी आणि प्रबंधातील पहिले कोष्टक पुन्हा काढायला सांगावे. निघाले तर पेटी पुरी आहे. न निघाले तर काय राहिले, ते तो विद्यार्थीच सांगेल. आणि रकान्यांचे वर्णन मराठीतही असावे. ‘उक्ते’, ‘बटाई’, ‘सालगडी’ या शब्दांचा अर्थ ज्या गावात पाहणी झाली तेथे काय होता, हे मराठीत जितके नेमके लिहिता येईल तितके अन्य भाषेत येणार नाही.

या साऱ्या खटाटोपात एका माणसाचा विसर पडू नये. पेरणीच्या धांदलीतून तासभर काढून, ओसरीवर सतरंजी टाकून, जो शेतकरी अनोळखी तरुणाच्या शंभर प्रश्नांना उत्तरे देतो, त्याला त्या पाहणीतून सहसा काही मिळत नाही. आपली जमीन किती, कर्ज किती, मुलगी शाळेत का गेली नाही, हे तो सांगतो ते केवळ कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून. २ एकर २० गुंठे असे त्याने स्पष्ट सांगितले होते. पुढच्या वाचकाला ते तसेच कळावे, एवढी व्यवस्था करणे हे त्याचे देणे आहे आणि ते फेडायला एक ओळ पुरते.